आठवड्याचं वचन : अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्राथमिक शाळेत मुलं काय शिकतात

ख्रिस्ती शाळा म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कॉन्व्हेंट उभं राहतं. कडक सिस्टर, सकाळची प्रार्थना, स्वच्छ वह्या, बोर्डाचा अभ्यासक्रम, आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांसाठी ‘मॉरल सायन्स’चा तास. आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. त्यामुळे हिंदू, मुस्लिम, जैन घरांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या या शाळांत शिकली आणि आपापल्या घरचे सण साजरे करत मोठी झाली.

अमेरिकेतली प्रोटेस्टंट ख्रिस्ती प्राथमिक शाळा या चित्रात बसत नाही. तिचा दावा फार मोठा आहे. गणित, भूगोल, शुद्धलेखन, मधल्या सुट्टीतलं भांडण, सगळंच देवाच्या सत्तेखाली येतं. तेव्हा शिकवायचंही सगळं त्याच नजरेनं, असं ही शाळा मानते. दुसरी-तिसरीच्या वर्गात सोमवार ते शुक्रवार काय चालतं ते बारकाईनं पाहिलं, की या दाव्याचं बळही दिसतं आणि त्याची किंमतही.

सोमवारची सुरुवात उभं राहून होते. छातीवर हात ठेवून मुलं अमेरिकेच्या ध्वजाला निष्ठेची शपथ म्हणतात. ही शपथ १८९२ साली फ्रान्सिस बेलामी नावाच्या बाप्टिस्ट पाद्र्यानं लिहिली. त्यानं तिच्यात देवाचा उल्लेख केला नव्हता. तो काँग्रेसनं १९५४ साली घातला. अनेक ख्रिस्ती शाळांत यानंतर दुसरी शपथ होते, ती ख्रिस्ती ध्वजाची. पांढरा ध्वज, वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात लाल क्रूस. या ध्वजाची कल्पना १८९७ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधल्या एका संडे स्कूलमध्ये जन्मली. काही शाळांत तिसरी शपथ बायबलला उद्देशून असते. देश, धर्म आणि धर्मग्रंथ असे दिवसाच्या पहिल्या काही मिनिटांतच पाठोपाठ येतात. सात वर्षांच्या मुलाच्या मनात ते एकमेकांना चिकटून बसतात, आणि त्याचा परिणाम इतिहासाच्या तासाला दिसतो.

मग बाई विचारतात, कोणासाठी प्रार्थना करायची? हात वर होतात. एकाच्या आजोबांचं ऑपरेशन आहे. एकीचं कुत्रं सापडत नाही. एकाच्या वडिलांची नोकरी गेली आहे, हे त्यानं घरी ऐकलेलं असतं आणि इथे तो ते सगळ्या वर्गाला सांगून टाकतो. बाई एकेक गोष्ट फळ्यावर लिहितात आणि एखादं मूल मोठ्यानं प्रार्थना म्हणतं. पुढच्या सोमवारी यादी पुन्हा काढतात : आजोबा घरी आले का, कुत्रं मिळालं का. मला या वर्गातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आपलं दुःख सांगण्याजोगं आहे, ते ऐकून घ्यायला कोणी बसलं आहे आणि आठवड्यानं त्याची चौकशीही होणार आहे, हे मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. देवावर विश्वास नसलेल्या शिक्षकानंही हे उचलावं.

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मात्र शिक्षकाला अशी प्रार्थना घेता येत नाही. मूल स्वतःहून डोळे मिटून प्रार्थना करू शकतं, पण शाळेनं ती घडवून आणायची नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली ‘एंगल विरुद्ध व्हिटाले’ या खटल्यात ठरवलं. पुढच्याच वर्षी सरकारी शाळांतलं सकाळचं बायबलवाचनही घटनाबाह्य ठरलं. तोवर तिथल्या बऱ्याच सरकारी शाळा मनानं प्रोटेस्टंटच होत्या. एकोणिसाव्या शतकात आलेल्या आयरिश कॅथलिकांना याचा जाच झाला. शाळेत कोणतं बायबल वाचायचं या वादानं फिलाडेल्फियात १८४४ साली दंगली पेटल्या, चर्च जाळली गेली, माणसं मेली. कॅथलिकांनी म्हणून आपल्या शाळा उभ्या केल्या. १९६०च्या दशकात त्यांत ५० लाखांहून अधिक मुलं होती, आज ती सुमारे १७ लाखांवर आली आहेत. प्रत्येक मुलानं सरकारी शाळेतच गेलं पाहिजे, असा कायदा ओरेगन राज्यानं १९२२ साली केला होता. तो सर्वोच्च न्यायालयानं १९२५ साली रद्द केला. मूल हे सरकारच्या मालकीचं नाही, त्याला कुठे शिकवायचं हे पालकांनी ठरवायचं, हे तत्त्व त्या निकालानं पक्कं केलं आणि अमेरिकेतली प्रत्येक धार्मिक शाळा आज त्याच आधारावर उभी आहे.

इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानून धर्मप्रसारावर भर देणाऱ्या, प्रोटेस्टंटांच्या शाळा वाढल्या त्या मुख्यतः १९६० आणि ७०च्या दशकांत. प्रार्थनेच्या निकालांवरचा राग हे त्याचं एक कारण. दुसरं कारण सांगायला अवघड आहे, पण ते टाळून हा इतिहास पुरा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या ‘ब्राउन’ निकालानं सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला. दक्षिणेतल्या अनेक गोऱ्या पालकांनी मुलांना कृष्णवर्णीय मुलांशेजारी बसवायला लागू नये म्हणून खासगी शाळा काढल्या आणि त्यांतल्या बऱ्याच शाळांच्या पाटीवर ‘ख्रिस्ती’ हा शब्द होता. वर्णभेद करणाऱ्या शाळांना करसवलत मिळणार नाही, हे न्यायालयांना १९७१ साली आणि पुन्हा १९८३ साली सांगावं लागलं. आज शहरांतल्या कित्येक ख्रिस्ती वर्गांत सगळ्या वर्णांची मुलं एकत्र बसतात, आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चनी चालवलेल्या चांगल्या शाळाही आहेत. तरी शाळेचं स्थापनेचं वर्ष आणि गाव पाहून तिचा जन्म कशातून झाला असेल, याचा विचार करायला हवा.

आता पुन्हा वर्गात येऊ, कारण सोमवारचं मुख्य काम अजून व्हायचं आहे. आठवड्याचं वचन फळ्यावर लिहिलं जातं. बायबलमधलं एक वाक्य, कधी दोन, सोबत पुस्तकाचं नाव, अध्याय आणि ओवी. एकमेकांशी प्रेमानं वागा, क्षमा करा, असं सांगणारं इफिसकरांस पत्रातलं वचन लहान वर्गांत फार आवडीनं निवडतात. सगळा वर्ग ते तालात म्हणतो : आधी संदर्भ, मग वचन, पुन्हा संदर्भ. मंगळवारी बाई त्यातले दोन-तीन शब्द पुसतात आणि मुलं रिकाम्या जागा तोंडानं भरत वाचतात. बुधवारी आणखी काही शब्द जातात. काही ठिकाणी प्रत्येक शब्दाला हाताची खूण ठरलेली असते, तर काही ठिकाणी टाळ्यांचा ठेका. गुरुवारी फळ्यावर शब्दांची नुसती पहिली अक्षरं उरतात. शुक्रवारी फळा कोरा असतो, आणि एकेक मूल बाईंच्या टेबलापाशी जाऊन वचन म्हणून दाखवतं. त्याला गुण असतात, ते प्रगतिपुस्तकात जातात.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत शाळेचे दिवस १८०च्या आसपास भरतात, म्हणजे सुमारे ३६ आठवडे. दर आठवड्याला एक म्हटलं तरी पाचवी संपेपर्यंत मुलाकडे दीडशेच्या वर वचनांचा साठा होतो. मनाचे श्लोक, भीमरूपी, पसायदान लहानपणी मुखोद्गत केलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अर्थ नंतर कळतो, लय आधी बसते, आणि वयाच्या चाळिशीत एखाद्या वाईट रात्री ओळ आपोआप ओठांवर येते.

या फळा पुसण्यामागे शास्त्रही आहे. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न बघता आठवण्याचा प्रयत्न केला, तर तो अधिक काळ टिकतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेले यावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. रोज थोडे शब्द पुसणाऱ्या शिक्षिकेनं ते वाचलेले असोत वा नसोत, ती करते ते नेमकं तेच : रोज आठवायला लावते, रोज थोडा आधार काढून घेते, आणि मध्ये एक रात्र जाऊ देते. पाढे, स्पेलिंग, राज्यांच्या राजधान्या यांनाही हीच रीत लागू पडते.

पाठांतराचा धोकाही इथेच दिसतो. ज्या शाळा १६११ सालच्या किंग जेम्स बायबलवरच ठाम असतात, तिथे सहा-सात वर्षांची मुलं चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी घडाघडा म्हणतात आणि तिचा अर्थ त्यांना लागत नाही. चांगली शिक्षिका तिथे थांबते. ती विचारते, हे तुझ्या शब्दांत सांग. काल डब्यावरून भांडण झालं तेव्हा हे वचन कुणाला आठवलं का? वाईट शिक्षिका गुण देऊन पुढचं नाव पुकारते. एकाच पद्धतीतून एका वर्गात विचार करणारी मुलं निघतात, शेजारच्या वर्गात पोपट.

वाचनाचा तास या शाळांत मी सर्वांत वर ठेवीन. प्रोटेस्टंट पंथाची धारणाच अशी की प्रत्येकानं धर्मग्रंथ स्वतः वाचावा, मध्ये पुरोहित नको. त्यामुळे वाचायला शिकवणं हे धर्मकार्यच झालं. मॅसेच्युसेट्समध्ये १६४७ साली कायदा झाला : ५० घरं असलेल्या प्रत्येक वस्तीनं लिहा-वाचायला शिकवणारा मास्तर नेमलाच पाहिजे. माणसाला वाचता आलं नाही तर सैतान त्याला शास्त्रापासून दूर ठेवील, हे कारण कायद्यातच दिलं आहे. त्या शतकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये बेंजामिन हॅरिस यानं ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ छापलं. छोटंसं पुस्तक, प्रत्येक अक्षरापुढे लाकडी ठशाचं चित्र आणि यमकाची जोडओळ. पहिल्याच अक्षराला आदामाचं पाप. १८३६पासून आलेली मॅगफीची वाचनमाला त्याच वाटेवरची, फक्त अधिक प्रेमळ. तिच्या बारा कोटींच्या आसपास प्रती खपल्याचा अंदाज आहे.

आजही या शाळांचा भर अक्षरांच्या ध्वनींवर असतो. फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथून १९७२ साली सुरू झालेल्या ‘अबेका’ प्रकाशनाची पुस्तकं अनेक ख्रिस्ती शाळांत आणि घरी शिकणाऱ्या मुलांकडे असतात. एकेका अक्षराचा आवाज, मग दोन अक्षरांची जोडी, मग शब्द, असं ती पद्धतशीर शिकवतात. सरकारी शाळांत मधल्या काळात चित्र आणि संदर्भ पाहून शब्द ओळखण्याची पद्धत बोकाळली होती; गेल्या काही वर्षांत राज्यामागून राज्य पुन्हा ध्वनींकडे वळलं आहे. या एका बाबतीत जुन्या वळणाच्या ख्रिस्ती शाळा बरोबर होत्या, हे मान्य केलं पाहिजे.

ही रीत महाराष्ट्रात फार आधी पोहोचली होती. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि त्यांनी लवकरच शाळा काढल्या. १८३१मध्ये मिशन नगरला गेलं. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेनं आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ साली तिथेच देह ठेवला. त्यांच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढायचं सुचलं. स्वतः जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मॅसेच्युसेट्सच्या त्या जुन्या कायद्यामागची तळमळ अशी आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासापर्यंत येऊन भिडते. फुल्यांनी तिच्यातलं शिक्षण घेतलं, धर्मांतर घेतलं नाही.

बुधवारी बऱ्याच शाळांत ‘चॅपल’ असतं. मुलं नीटनेटके कपडे घालून सभागृहात जातात, हातवारे करत गाणी म्हणतात, एखादे पास्टर किंवा परदेशातून आलेले मिशनरी गोष्ट सांगतात. वर्गात मंगळवारी किंवा गुरुवारी होणारा एक खेळ मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. त्याला ‘सोर्ड ड्रिल’ म्हणतात, म्हणजे तलवारीची कवायत, कारण बायबलमधल्या पत्रांमध्ये देवाच्या शब्दाला तलवारीची उपमा दिली आहे. मुलं ताठ उभी राहतात, बंद बायबल हातात. बाई एक संदर्भ पुकारतात, समजा नहेम्या, आठवा अध्याय, दहावी ओवी. वर्ग तो संदर्भ पुन्हा म्हणतो. इशारा झाला की पानं फडफडू लागतात, आणि ज्याचं बोट आधी ओवीवर पडेल ते मूल एक पाऊल पुढे येऊन वाचू लागतं. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आहेत. ती क्रमानं पाठ असल्याशिवाय हा खेळ जिंकता येत नाही. नहेम्या एज्राच्या पुढे आणि एस्तेरच्या मागे, हे बोटांनाच कळावं लागतं. हजार पानांच्या ग्रंथातून हवी ती ओळ काही सेकंदांत काढणारं आठ वर्षांचं मूल पुढे शब्दकोश, कायद्याचं पुस्तक किंवा कोणताही संदर्भग्रंथ बिचकून उघडणार नाही.

शिस्तीचंही शास्त्र बायबलातूनच घेतलेलं असतं. भिंतीवर फळांची चित्रं असतात : प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता अशी गलतीकरांस पत्रातली ‘आत्म्याची’ नऊ फळं. भांडण झालं तर आधी ज्याच्याशी भांडण त्याच्याकडे एकट्यानं जाऊन बोल, मग बाईंकडे ये, हा नियम मत्तयाच्या अठराव्या अध्यायावरून. मला हा नियम आवडतो, पण एका अटीवर. मारकुट्या मुलाकडे लहान मुलाला एकट्यानं पाठवणं हा अन्याय आहे, आणि समजूतदार शाळा तिथे मोठ्यांना मध्ये घालतात.

शाळाशाळांत फरक खूप आहे. ‘ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ ही १९७० साली टेक्सासमध्ये निघालेली पद्धत वापरणाऱ्या शाळांत मुलं दोन्ही बाजूंनी आडोसा असलेल्या टेबलाशी एकेकटी बसून पुस्तिका सोडवतात. अडलं की छोटा झेंडा वर करायचा. वर्गातली चर्चा जवळपास नाहीच. प्राथमिक वयातल्या मुलाला असं दिवसभर गप्प बसवणं मला शिक्षण वाटत नाही.

गणितात धर्म फारसा ढवळाढवळ करत नाही. सृष्टीतली सुसूत्रता संख्यांत दिसते, एवढं सांगून बाई भागाकाराकडे वळतात. खरी कसोटी विज्ञानाच्या तासाला लागते. कॅथलिक शाळांत उत्क्रांती शिकवली जाते. पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच तिच्या अभ्यासाला मोकळीक दिली होती. अनेक इव्हँजेलिकल शाळांत मात्र उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले सहा दिवस हे चोवीस तासांचे दिवस म्हणून शिकवले जातात आणि पृथ्वीचं वय सहा ते दहा हजार वर्षं सांगितलं जातं. भूगर्भशास्त्रानं मोजलेलं वय आहे सुमारे ४५४ कोटी वर्षं. बालवाडीत सृष्टीच्या सात दिवसांची चित्रपुस्तिका रंगवणं वेगळं आणि पाचवीच्या पुस्तकात जीवाश्मांचं स्पष्टीकरण नोहाच्या जलप्रलयानं करणं वेगळं. पहिली कथा आहे. दुसरीकडे चूक गोष्ट विज्ञान म्हणून सांगितली जाते, आणि मुलाला ती पुढे कधीतरी मोडून पुन्हा बांधावी लागते. श्रद्धेसाठी हे आवश्यकही नाही. मानवी जनुकसंचाचा नकाशा तयार करणाऱ्या प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स हे श्रद्धाळू इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत आणि उत्क्रांती मानतात.

याची झळ पुढे बसते. अशा पुस्तकांवर आधारलेले काही हायस्कूल अभ्यासक्रम कॅलिफोर्निया विद्यापीठानं प्रवेशासाठी अपुरे ठरवले. ख्रिस्ती शाळांच्या संघटनेनं दावा लावला. २००८ साली निकाल विद्यापीठाच्या बाजूनं लागला आणि २०१०मध्ये वरच्या न्यायालयानं तो कायम केला.

इतिहासाच्या तासाला सोमवारच्या शपथा आठवतात. १६२०मध्ये प्लिमथला उतरलेले यात्रेकरू, देवाचे आभार मानणारं त्यांचं ‘थँक्सगिव्हिंग’, देवानं राखलेलं राष्ट्र, अशी कथा बांधली जाते. त्या किनाऱ्यावर आधीपासून राहणारे वाम्पानोआग लोक त्या कथेत मदतनीस म्हणून येतात आणि मग दिसेनासे होतात. गुलामगिरीविरुद्ध लढणारे अनेक जण ख्रिस्ती होते, हे मुलांना सांगतात, आणि ते खरं आहे. गुलाम बाळगणारेही त्याच चर्चमध्ये बसत, हेही सांगणाऱ्या शिक्षिका आहेत, आणि बायबलमधल्या संदेष्ट्यांनी आपल्याच लोकांना खडसावलं होतं याचा आधार घेऊन त्या हे सांगतात.

शुक्रवारी स्पेलिंगची परीक्षा, गणिताची परीक्षा, वचन म्हणून दाखवणं, आणि आठवड्याभराचे कागद भरलेलं फोल्डर पालकांच्या सहीसाठी घरी.

हे सगळं मराठी घरांना आता जवळचं झालं आहे. पालकांनी निवडलेल्या खासगी शाळेसाठी सरकारी पैसा देण्याची सोय ॲरिझोनानं २०२२ साली आणि फ्लोरिडानं २०२३ साली सगळ्यांना खुली केली. टेक्सासनं २०२५ साली तसा कायदा केला. या राज्यांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं लहान वर्ग, शिस्त आणि चांगलं वाचन पाहून अशा शाळांची चौकशी करतात, आणि मनात मात्र आपल्याकडचं कॉन्व्हेंट असतं. अमेरिकेत आपलं २८वं कलम नाही. वचन, चॅपल, शपथा यांतून मुलाला वगळण्याची हमी शाळा देत नाही, उलट प्रवेशाच्या वेळी श्रद्धेच्या निवेदनावर पालकांची सही मागणाऱ्या शाळाही आहेत. तेव्हा शाळा पाहायला जाल तेव्हा इमारत आणि गणवेश पाहून परतू नका. पहिलीच्या वर्गात बसून वाचनाचा तास ऐका. मुख्याध्यापकांकडे पाचवीचं विज्ञानाचं आणि इतिहासाचं पुस्तक मागा, पृथ्वीच्या वयाचं पान आणि गुलामगिरीचं प्रकरण स्वतः वाचा, आणि मगच अर्ज भरा.